भिंतीवरचा जॉर्ज

२९ जानेवारी २०१९, मंगळवार. मी कामावर निघायच्या गडबडीत होतो आणि टीव्हीवर खालच्या पट्टीत बातमी धावत गेली, माजी संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांचं निधन, वय ८८. आई जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडत बसली होती. मी म्हटलं, "आई, जॉर्ज गेला." तिने मान वर न करता विचारलं, "आज गेला? तो तर केव्हाचाच गेलेला ने." हे 'ने' आमच्या बडोद्याच्या मराठीतलं, गुजरातीतून आलेलं आणि आता जिभेवरून न जाणारं. मला वाटलं ती त्याच्या अल्झायमरबद्दल बोलतेय, शेवटची कितीतरी वर्षं तो माणसं ओळखत नव्हता हे आम्हाला पेपरातून माहीत होतं. मी पुढे काही विचारलं नाही, डबा घेतला आणि निघालो.

संध्याकाळी घरी आलो तर फायरमन काका येऊन बसलेले. बाबांचे रेल्वेतले दोस्त, वाफेच्या इंजिनावर कोळसा टाकून ज्यांचे हात आयुष्यभराचे काळे झाले ते. वय ऐंशीच्या घरात, प्रतापनगरहून एकटे रिक्षा करून आले होते. बाबा २०१२ मध्ये गेले, त्यानंतर काका आमच्याकडे फारसे येत नाहीत, पण त्या दिवशी त्यांना कुठेतरी जाऊन बसायचं होतं आणि जॉर्जसाठी जाऊन बसायला दुसरं घरच नव्हतं. डोळे भरलेले होते. "असा माणूस परत नाही व्हायचा," असं दोनदा म्हणाले.

माझी लेक तेव्हा लॉ करत होती, तिसरं वर्ष. ती आतून आली, काकांच्या पाया पडली, बाजूला बसली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, २००२ ला ते पार्लमेंटमध्ये काय बोलले होते ते तुम्हाला माहिती आहे का?"

मग रात्री अकरापर्यंत आमच्या घरात जे झालं त्याला वाद म्हणायचं की काय म्हणायचं मला ठरवता येत नाही. कोणी आवाज चढवला नाही. पण काका जाताना चहाचा तिसरा कप तसाच ठेवून गेले, आणि तेव्हापासून तो वाद माझ्या डोक्यात चालूच आहे, म्हणून शेवटी लिहायला बसलोय.

आधी काकांची बाजू, कारण ती माझ्या जन्माच्या आधीची आहे.

बाबा बडोद्याच्या यार्डात कॅरेज-वॅगनचे फिटर होते. हातात हातोडी घेऊन डब्यांच्या खाली वाकायचं, चाकावर ठोकायचं, आवाज ऐकायचा, तडा गेलेलं चाक आवाजाने कळतं. प्रतापनगरच्या कॉलनीत क्वार्टर होतं, दीड खोली. १९७४ च्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला तेव्हा आई-बाबांच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. जॉर्ज ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचा अध्यक्ष होऊन फार दिवस झाले नव्हते. इंजिनावरच्या माणसांना चौदा-चौदा, सोळा-सोळा तास सलग ड्युटी, ती आठ तासांची करा, बोनस द्या, सरकारी कारखान्यांतल्या कामगारांइतका पगार द्या, या त्या मागण्या. काका सांगतात की एकदा ते शेकोटीसमोर उभ्या उभ्या झोपले आणि ड्रायव्हरने शर्टाला धरून मागे ओढलं नसतं तर आज ते आमच्याकडे चहा प्यायला आले नसते. आठ तासांची मागणी म्हणजे काय ते हे.

संप ८ मे ला सुरू व्हायचा होता. जॉर्जला २ मे लाच लखनौला उचललं. तरीही संप झाला, वीस दिवस चालला, सतराएक लाख माणसं त्यात होती असं सांगतात, हजारोंनी आत टाकली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कॉलन्यांमधून घरं खाली करायला लावली. आमचं क्वार्टर त्यातलं एक. बाबा भूमिगत होते, म्हणजे खरं तर वाडीतल्या एका देवळाच्या मागच्या खोलीत होते, आणि आई एकटी घरात, सातवा महिना. मी पोटात. पोलीस आले, त्यांनी स्टोव्ह, पिंप, पत्र्याची ट्रंक बाहेर ठेवली आणि दाराला सील लावलं. आई ट्रंकेवर बसून राहिली ती संध्याकाळपर्यंत, मग बाबाजीपुऱ्यातून तिचे मामा टांगा घेऊन आले.

२७ मे ला संप मागे घेतला. हातात काही पडलं नाही. बाबांना नोकरीतून काढल्याचा कागद आला, तो कागद अजून आहे. तीन वर्षं त्यांनी सूरसागरजवळ एका दुकानात पाण्याचे पंप दुरुस्त केले.

आता कोणी म्हणेल की ज्या पुढाऱ्याच्या संपाने घर गेलं, नोकरी गेली, त्याचा फोटो घरात कशाला. पण आमच्याकडे होता. काचेच्या फ्रेममध्ये, देवघराच्या समोरच्या भिंतीवर, तो प्रसिद्ध फोटो, बेड्या घातलेला हात वर केलेला जॉर्ज, चष्मा, विस्कटलेले केस. सत्याहत्तरच्या निवडणुकीनंतर बाबांनी कुठल्याशा मासिकातून कापून तो फ्रेम करून आणला होता. आणि त्या बेड्या ज्या केसमधल्या होत्या त्या केसला आमच्या गावाचं नाव आहे, बडोदा डायनामाइट केस, म्हणून माझ्या लहानपणी मला वाटायचं की जॉर्ज आमच्या गावचाच.

तसा तो कुठला नव्हता ते विचारा. जन्म मंगळूरचा, १९३०. पाद्री व्हायला बंगलोरच्या सेमिनरीत घातला, तिथे मोठ्या फादर लोकांना वेगळं टेबल आणि वेगळं जेवण बघून वैतागून बाहेर पडला. १९४९ मध्ये मुंबईला आला, चौपाटीच्या बाकड्यावर झोपला, प्रूफं तपासली, मग प्लॅसिड डिमेलोंकडे गोदी कामगारांत काम शिकला, आणि पुढे टॅक्सीवाले, महापालिकेचे कामगार, बेस्टवाले यांचा पुढारी झाला. मराठी असं बोलायचा की गिरगावात वाढलाय वाटावं. १९६७ ला दक्षिण मुंबईत त्याने काँग्रेसच्या स. का. पाटलांना पाडलं. मुंबई ज्यांच्या खिशात आहे असं लोक म्हणायचे त्यांना, एका छत्तीस वर्षांच्या युनियनवाल्याने.

आणीबाणी लागली तेव्हा तो ओरिसात गोपाळपूरला बायकोकडे होता. तिथून कोळ्याच्या वेषात निसटला, मग दाढी वाढवून साधू, मग पगडी घालून सरदारजी. आणि १९७५ च्या जुलैमध्ये बडोद्याला आला. बडोद्यालाच का, तर गुजरातमध्ये तेव्हा बाबूभाई जशभाई पटेलांचं जनता मोर्चाचं सरकार होतं, त्या वेळी देशात जी थोडीफार मोकळी हवा होती ती इथे होती. इथे तो भेटला कोणाला, तर दोन पत्रकारांना, एक किरीट भट्ट, बडोद्याच्या पत्रकार संघटनेचे अध्यक्ष, आणि दुसरे टाइम्सचे बातमीदार विक्रम राव. डायनामाइट आमच्या इथे मिळायला अवघड नाही, हालोलकडच्या दगडखाणींत ते रोजचं वापरात असायचं. मुकुंद कंपनीचे वीरेन शहा यांनी ओळखी काढून दिल्या. बेत असा होता की सरकारी ऑफिसांचे संडास उडवायचे, इंदिराबाईंच्या सभेच्या जागी सभेच्या काही तास आधी स्फोट करायचा, रात्री-अपरात्री, कोणी नसताना, म्हणजे माणूस मरणार नाही पण सरकारला कळेल की सगळे गप्प बसलेले नाहीत. आरोपपत्रात रेल्वेचे रूळ उडवायचा बेतही होता.

या शेवटच्या गोष्टीवर बाबा नेहमी अडायचे. मी कॉलेजात असताना मोठ्या अभिमानाने कोणाला तरी डायनामाइटची गोष्ट सांगत होतो, तर बाबा मधेच म्हणाले, "रुळावर आपलीच माणसं असतात रे रात्री." एवढंच. गँगमन रात्री कंदील घेऊन चालतो, त्याचं वेळापत्रक भूमिगत नेत्याला ठाऊक नसतं. माणूस मारायचा नाही हा हेतू मला खरा वाटतो, आरोपींमध्ये प्रभुदास पटवारींसारखे गांधीवादी होते, पण डायनामाइटला हेतू कळत नाही. माझी लेक तर सरळ म्हणाली की आज कोणी असं केलं तर यूएपीए, दहशतवादविरोधी कायदा, लागेल आणि तुम्ही सगळे टीव्ही बघत त्याला देशद्रोही म्हणाल. मला उत्तर देता आलं नाही. काका म्हणाले, "तेव्हा कोर्टाचं दार बंद होतं, पेपर बंद होते, संप तर आधीच मोडला होता, मग माणसाने करायचं काय?" यालाही लेकीकडे उत्तर नव्हतं, ते तिने मान्य केलं, आणि मला तिचं ते मान्य करणं आवडलं.

१९७६ च्या मार्चमध्ये बाबूभाईंचं सरकार पडलं आणि त्याच सुमाराला बडोद्यात धरपकड सुरू झाली. जॉर्ज जूनमध्ये कलकत्त्याला सापडला. तो आणि आणखी चोवीस जण, खटला दिल्लीत.

पण त्याच्या धाडसाची किंमत आधी दुसऱ्यांनी भरली, आणि हे आमच्या भिंतीवरच्या फोटोत कुठेच दिसत नाही. त्याचा भाऊ लॉरेन्स, त्याला १ मे १९७६ ला बंगलोरला उचलला, कामगार दिनाच्या दिवशी, जॉर्ज कुठे आहे सांग म्हणून इतका मारला की तो पुन्हा कधी धड झाला नाही. स्नेहलता रेड्डी, कन्नड नाटक-सिनेमातली नटी, जॉर्जची मैत्रीण. दम्याचा आजार, बंगलोरच्या तुरुंगात एकटीला कोंडलं, शेवटी आरोपपत्रात तिचं नावही आलं नाही, पण तोवर तिचं शरीर संपलं होतं. जानेवारी १९७७ मध्ये पॅरोलवर सोडली आणि पाचच दिवसांत गेली. लैला, त्याची बायको, हुमायून कबीरांची मुलगी, लहान पोराला घेऊन अमेरिकेत राहिली, तिथे आणीबाणीच्या विरोधात बोलत फिरली. पुढे त्याच बायकोपासून तो वेगळा झाला, आणि म्हातारपणी स्मृती गेल्यावर तीच परत येऊन त्याची शुश्रूषा करत बसली, आणि त्याची नंतरची सोबतीण, पक्षातली सहकारी जया जेटलींना त्याला भेटू द्यायचं की नाही यावर कोर्टात भांडणं झाली. मला दुसऱ्याच्या घरात डोकावायचं नाही. पण जॉर्जभोवतीची माणसं त्याच्यासाठी जे सोसत गेली त्याचा हिशेब केला की मला आईचं ते ट्रंकेवर बसणं आठवतं. धाडस एकाचं असतं आणि सील दुसऱ्याच्या दाराला लागतं.

सत्याहत्तरला तो तुरुंगातून बिहारमधल्या मुजफ्फरपूरला उभा राहिला. मतदारसंघात स्वतः पाऊल न टाकता तीन लाखांच्या वर मतांनी निवडून आला. केस मागे घेतली गेली, तो मंत्री झाला, मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात काढलेल्यांना परत घेतलं. बाबा परत यार्डात गेले त्या दिवशी आईने पुरणपोळी केली होती, ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की मला ती चव आठवते असं वाटतं, खरं तर मी तीन वर्षांचा होतो. दोनेक वर्षांनी रेल्वेला बोनसही मिळाला. दर दिवाळीत बोनस हातात आला की बाबा त्या फोटोकडे बघायचे. नमस्कार वगैरे नाही, फक्त बघायचे.

मंत्री म्हणून त्याने काय केलं ते सगळं मी इथे लिहीत बसत नाही. कोका-कोला आणि आयबीएम गेले, जिल्हा उद्योग केंद्रं आली. नव्वद साली रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वेचं महामंडळ उभं केलं आणि ते श्रीधरनांच्या हातात दिलं, हे मात्र मला लिहायलाच हवं, कारण आमचं मूळ रत्नागिरीकडचं. माझ्या आजोबांना बडोद्याहून गावी जायला बोट आणि एसटी मिळून दोन दिवस लागायचे. १९९९ मध्ये मी आई-बाबांना त्या गाडीने नेलं. पानवलच्या पुलावर गाडी आली, चौसष्ट मीटर खाली दरी, आणि आयुष्यभर डब्यांच्या खाली वाकलेले माझे बाबा दारात उभे राहून चाकांचा आवाज ऐकत होते. "बरोबर वाजतंय," म्हणाले. त्या एका दिवसासाठी मी जॉर्जला पुष्कळ काही माफ केलं असतं.

पण पुष्कळ म्हणजे किती?

१९७९ चं बघा. १२ जुलैला लोकसभेत त्याने मोरारजींच्या सरकारच्या बाजूने इतकं दणदणीत भाषण केलं की विरोधकही ऐकत राहिले, आणि दोन-तीन दिवसांत तोच राजीनामा देऊन चरणसिंगांकडे. कारणं खूप दिली गेली, जुने समाजवादी सहकारी मधु लिमयांचा आग्रह, दुहेरी सदस्यत्वाचा प्रश्न, म्हणजे जनता पक्षातल्या जनसंघवाल्यांनी संघातही राहायचं का हा. काकांनी तेव्हा आठ दिवस पेपर वाचला नव्हता म्हणे. पुढे १९९४ मध्ये नितीशकुमारांबरोबर समता पार्टी काढली, दोन वर्षांत भाजपशी हातमिळवणी, मग संरक्षणमंत्री आणि एनडीएचा निमंत्रक. ज्या संघाच्या मुद्द्यावर एकोणऐंशीला सरकार मोडलं त्यांच्याच सरकारचा तो खांब झाला. संरक्षणमंत्री म्हणून सियाचेनला इतक्या वेळा गेला की आधीचे सगळे मिळून गेले नसतील, स्नोमोबिलची फाईल दाबून बसलेल्या बाबूंना तिकडे बर्फात पाठवलं, हे सगळं खरं. तहलका झालं, म्हणजे संरक्षण खरेदीतल्या लाचेचं छुपं चित्रण बाहेर आलं, राजीनामा दिला, सहा-सात महिन्यांत परत आला. कारगिलच्या जवानांसाठी घेतलेल्या शवपेट्यांच्या भानगडीत त्याच्यावर वाट्टेल ते बोललं गेलं, आणि सीबीआयच्या आरोपपत्रात त्याचं नावच नव्हतं, पण तोवर लोकांच्या मनात शिक्का बसला होता. पैशाच्या बाबतीत माझा त्याच्यावर आजही विश्वास आहे. कपडे स्वतः धुणारा, घराचं फाटक काढून टाकणारा माणूस तो.

माझा प्रश्न पैशाचा नाहीच.

२७ फेब्रुवारी २००२ ला गोध्रा स्टेशनावर साबरमती एक्सप्रेसचा डबा जळला, ५९ माणसं गेली. गोध्रा आमच्या बडोदा डिव्हिजनमधलं. बाबा रिटायर होऊन काही वर्षं झाली होती तरी ते रात्रभर बसून होते, डबा कसा जळतो, दारं कशी अडकतात, हेच बोलत होते. मग १ मार्चला बडोद्यात, हनुमान टेकडीला, बेस्ट बेकरी पेटवली. चौदा माणसं. आमच्या गच्चीवरून धूर दिसत होता, एका बाजूला नाही, तीन-चार बाजूंना. कर्फ्यू होता. एम. एस. युनिव्हर्सिटीत फिजिक्स शिकवणाऱ्या प्रोफेसर बंदूकवालांचं घर जाळलं, ज्यांनी आयुष्यभर दोन्हीकडच्या कट्टर लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

जॉर्ज काय करत होता? हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. तो आला होता. १ मार्चच्या पहाटे तो गांधीनगरात होता, लष्कर उतरवायच्या खटपटीत, आणि अहमदाबादच्या रस्त्यांवर फिरला. काका हेच परत परत सांगत होते, "दुसरा कोण मंत्री आला सांग, कोण आला?" खरं आहे. अंगाला चटका बसेल अशा ठिकाणी उभं राहायची त्याला भीती नव्हतीच कधी.

आणि मग ३० एप्रिलला लोकसभेत चर्चा होती. तो सरकारच्या बाजूने बोलायला उभा राहिला. बलात्कार, गरोदर बाईचं पोट फाडणं, या गोष्टींचा उल्लेख करून तो जे बोलला त्याचा अर्थ असा होत होता की यात नवीन काय आहे, हे काय पहिल्यांदा होतंय, १९८४ ला दिल्लीच्या रस्त्यांवर हेच झालं नव्हतं का. काँग्रेसवाल्यांना उद्देशून होतं ते. चर्चा रात्रभर चालली आणि मतदान झालं तेव्हा १ मेची पहाट झाली होती.

खूप लोक म्हणतात की जॉर्ज बदलला. पहिला जॉर्ज चांगला, खुर्चीवरचा जॉर्ज बिघडलेला, मधे कुठेतरी रेघ मारायची. मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं आणि ते सोयीचंही होतं, फोटो पहिल्या जॉर्जचा होता ना. आता मला तसं वाटत नाही. मला वाटतं तो बदललाच नाही, आणि तीच अडचण होती. तरुणपणी त्याने लोहियांकडून बिगर-काँग्रेसवाद घेतला. लोहियांना ती त्या वेळेपुरती चाल वाटली असेल, जॉर्जच्या अंगात ती हाडासारखी वाढली. संप मोडणाऱ्या, भावाला मारणाऱ्या, मैत्रिणीला तुरुंगात घुसमटवणाऱ्या सत्तेशी ज्याने झुंज घेतली त्याला जन्मभर समोर तोच एक शत्रू दिसत राहिला. त्या रात्रीही लोकसभेत त्याला गुजरातची बाई दिसली नाही, समोरच्या बाकांवरचं चौऱ्याऐंशी दिसलं. चौऱ्याऐंशी खोटं नव्हतंच, तिथली हजारो माणसं मेलीच होती, पण एका बाईच्या पोटासमोर दुसऱ्या बाईचं पोट ठेवून हिशेब बरोबरीत सुटत नाही.

आणि दुसरी गोष्ट. त्याचं धाडस समोरच्याविरुद्ध होतं. पोलीस, इंदिराबाई, स. का. पाटील, सियाचेनचा बर्फ. स्वतःच्या बाजूच्या माणसाला, ज्याच्या मांडीला मांडी लावून बसायचं आहे त्याला, थांब म्हणायचं धाडस वेगळं असतं आणि ते त्याच्याकडे कमी होतं. १९९९ मध्ये ओरिसात ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्याच्या दोन लहान मुलांना गाडीत जिवंत जाळलं तेव्हाही मंत्र्यांच्या समितीत जाऊन तो सरकारविरुद्धच्या बाहेरच्या कटाचं बोलला. एकेकाळी सेमिनरीतून फक्त वेगळ्या टेबलावरच्या जेवणामुळे उठून आलेला मुलगा हा. त्याला ते टेबल चाललं नव्हतं, मग हे कसं चाललं?

लेक म्हणाली, "बाबा, मग तो भित्रा होता असं म्हण ना." मी म्हटलं, नाही, भित्रा नव्हता, तेवढं सोपं नाही. ती म्हणाली, "तुला अवघड जातंय कारण आजोबांचा फोटो होता." असेलही.

पण मला अवघड जाण्याचं आणखी एक कारण आहे. मी २००२ ला मकरपुरा जीआयडीसीत, औद्योगिक वसाहतीत, एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होतो. आमच्याकडे लेथवर एक टर्नर होता, मुसलमान, माझ्याच वयाचा, मला जॉब सेट करायला त्यानेच शिकवलं होतं. १ मार्चपासून तो आला नाही. मी त्याला अकरा दिवस फोन केला नाही. त्याच्या शेजारच्या एसटीडीचा नंबर माझ्या डायरीत होता. रोज वाटायचं करावा, आणि रोज वाटायचं की कोणी विचारलं तर, कोणाला कळलं तर, आणि तो नीट असेल तर येईलच. तीन आठवड्यांनी तो आला, दाढी काढलेली, मशीन चालू केलं, मीही जॉब कार्ड दिलं. आम्ही दोघांनी त्यावर कधी एक शब्द काढला नाही. वर्षभरात त्याने काम सोडलं. माझ्या गळ्याला कोणी सुरी लावली नव्हती, मला फक्त माझ्या माणसांत वेगळं पडायचं नव्हतं. लोकसभेतल्या त्या भाषणाचा मला एवढा राग येतो त्याचं मूळ यात किती आहे ते मी शोधतोय.

या गावात तेव्हा न घाबरलेले लोकही होते. पीयूसीएलची बडोद्याची शाखा आणि शांती अभियानवाल्यांनी गल्लोगल्ली फिरून, बायकांशी बोलून, सगळं लिहून काढलं. पीयूसीएल म्हणजे जयप्रकाशांनी आणीबाणीतच, १९७६ मध्ये, सुरू केलेली नागरी हक्कांची संघटना. जॉर्ज तिहारमध्ये होता तेव्हा जन्मलेली. त्याच आणीबाणीच्या पोटातून दोन्ही निघाले, एक संसदेत तसं बोलत होता आणि दुसरी मांडवी-पाणीगेटला दारं वाजवत होती.

आता फोटोबद्दल. लेकीने त्या रात्री काका गेल्यावर विचारलं की आजोबांनी तो फोटो भिंतीवरून कधी काढला, तिने लहानपणी पाहिल्यासारखा आठवतो आणि मग आठवत नाही. मी सांगितलं की २००२ मध्ये, भाषणानंतर, बाबांनीच काढला असणार, त्यांना फार लागलं होतं. सतरा वर्षं मी हेच धरून चाललो होतो.

आई ओट्यापाशी पातेली पुसत होती. तिथूनच म्हणाली, "त्यांनी नाही काढला. मी काढला."

आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो.

"दुसऱ्या दिवशी पेपरात आलेलं. ते बँकेत गेले होते पेन्शनला. मी स्टूल घेतलं आणि काढला. आले, बघितलं भिंतीकडे, काही बोलले नाहीत. खिळा तसाच होता, तो पण त्यांनी नंतर काढला."

मी विचारलं, "बाबांना तू काही सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं त्यात? मी सात महिन्यांची होते आणि पोलिसांनी मला बाहेर काढलं तेव्हा त्यातला एक हवालदार म्हणाला, बाई, ट्रंकेवर बसा, उभ्या राहू नका. पोलीस होता तो. त्याला दिसलं माझं पोट. आणि याला," असं म्हणून ती थांबली, पातेलं उपडं घातलं, हात पुसले.

मग लेकीने विचारलं की आता कुठे आहे तो फोटो, टाकला का. आई म्हणाली नाही, टाकायचा कशाला, ट्रंकेत आहे, नोकरीतून काढल्याचा कागद आहे ना, त्याच्याच खाली. ती त्याच दिवशी सकाळी मला म्हणाली होती की तो केव्हाचाच गेलेला, त्याचा अर्थ मला त्या रात्री कळला.

लेकीने ट्रंक काढली. फ्रेमची काच एका कोपऱ्यात तडकली होती, कागद पिवळा पडला होता, हात तसाच वर. तिने बराच वेळ बघितला आणि विचारलं, "आजी, हा मी घेऊन जाऊ होस्टेलला?"

आई म्हणाली, "ने. पण भिंतीवर नको लावू. पुस्तकांत ठेव कुठेतरी." आणि मग परत आली आणि म्हणाली, "तो कागदपण ने त्याच्याबरोबर. दोन्ही बरोबरच ठेव."